आहेस का

पावणेनऊ. अंबडला, बेअरिंगच्या कारखान्यामागं,
एसी गळतो त्या खोलीत
मी बसलेय, एका हातात पोळीची गुंडाळी.
पंधरा मिनिटांत लिलाव सुरू होतील
आणि जिल्हाभरातले चाळीस हजार फोन
एकच प्रश्न विचारतील:
कांद्याला काय भाव?

सर्व्हर पाच. धरणांची नावं दिलीत त्यांना:
गंगापूर, दारणा, मुकणे, चणकापूर, हरणबारी.
नावं काढणारा बिरारी नंतर पुण्याला गेला.
त्यांच्यापुढं उभा लोड बॅलन्सर.
त्याला कुणी नाव दिलं नाही,
काही अडलं की नावं मात्र ठेवतात.

भाव त्याला ठाऊक नसतो.
कांदा त्यानं पाहिलेला नाही.
येईल त्याला म्हणतो, तू दारणाकडं जा,
तू मुकणेकडं, तिथं गर्दी कमी आहे.
कोण बागायतदार, कोण तीन गुंठ्यांचा,
विचारत नाही.

अण्णा बारेकरी होते, मोसमच्या फडावर.
बॅटरी दातांत धरून
एकाचं दारं मोडायचे, दुसऱ्याचं बांधायचे,
शिव्या दोन्ही बांधांवरून.
आमचं वावर पाटाच्या शेवटाला.
आई म्हणायची, पाणी वाटणाऱ्याचे
पायच तेवढे ओले.

दर पाच सेकंदांनी तो पाचही जणांना विचारतो:
आहेस का?
आहे. आहे. आहे. आहे.
हरणबारी गप्प.
पुन्हा विचारतो. गप्प.
तिसऱ्यांदाही गप्प, तेव्हा
राग नाही, लोभ नाही,
तो त्याला पाळीतून काढतो
आणि त्याच्या वाट्याचे लोक चौघांत मुरवतो.
चाळीस हजारांत एकाही अंगठ्याला कळत नाही.
मला कळतं. लाल ठिपका.

पोळी कीबोर्डवर तशीच.
डिस्क तुडुंब भरलेली,
तीन वर्षांपूर्वीच्या भावांच्या नोंदींनी,
ज्या आता कुणीच विचारत नाही.
उपसल्या.

नऊ वाजून सात. हरणबारी म्हणालं, आहे.
त्यानं ऐकून घेतलं, पण माणसं पाठवली नाहीत.
एकदा म्हटलेलं त्याला पुरत नाही.
पाच सेकंद थांबला, पुन्हा विचारलं,
मग सोडली,
हळूहळू, कोरड्या चारीत पाणी सोडावं तशी.

फोन पालथा होता, तो उलटला.
अण्णा. आठ एक्कावन्न, आठ त्रेपन्न, आठ अठ्ठावन्न.
चौथा कॉल नाही.
खाली धाकट्याचा मेसेज:
अण्णांनी मला विचारला भाव. सांगितला.
तू कामात असशील.

मी लावला.
पलीकडं मोटारीचा आवाज, कुणीतरी हाकलतंय गुरं.
"भाव समजना मले," ते म्हणाले. "तू शेस ना?"
आहे, म्हटलं.
जरा थांबले.
मग पुन्हा विचारलं.