शंभर पाण्यांचं तूप

मंसिराची थंडी आधी माझ्या बोटांना कळते.
बेचक्यांत कातडीखाली साबुदाण्यासारखे दाणे,
मग खाज, मग भेग,
मग मीठ उचलतानाही डोळ्यांत पाणी.

कीर्तिपूरच्या उतारावर आमचा लोकरीचा कारखाना.
कोमट साबणपाण्यात लोकर चोळायची, गोल गोल,
दिवसाला तीनशे चेंडू.
समुद्रापारच्या नाताळाचे तारे
आमच्या गारठ्यात वळले जातात.
हातावर पोट म्हणतात ते हेच,
हात सोलला की पोट उघडं.

पाटणचे वैद्य तेजरत्न वज्राचार्य
हात खिडकीच्या उजेडात धरायला लावतात.
"साबण बंद."
मी हसते.
"बरं, अर्धा बंद. आणि लपसीचं लोणचं."
"तेही?"
"तेच तर."
जाईल असं ते म्हणत नाहीत.
"येईल. पण दार वाजवून येईल."

कागदात बांधून मंजिष्ठा देतात.
ही मुळी मी ओळखते,
आमच्या हंड्यात हीच उकळते,
लोकर लाल होते ती हिच्यामुळे.
"रक्तासाठी," ते म्हणतात.
दहा वर्षं कोपरापर्यंत हिच्यात बुडाले मी,
रक्ताला कुणी सांगितलंच नाही.

आणि तूप, तांब्याच्या परातीत
शंभर पाण्यांनी धुतलेलं.
पण पाण्यात हात घालायचा नाही ना मी!
म्हणून ज्ञानलाल बसला.
दिवसभर मायक्रोबस चालवून आलेला माणूस
तळव्यानं तूप फेटतो, पाणी ओततो, निथळतो.
त्रेसष्टला मोजणी चुकली.
"सत्तर धर," मी म्हटलं.
"नाही. साठापासून."
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
इतका वेळ यानं कशालाच दिला नव्हता.

पहाटे तूप पांढरंफेक,
त्याला गाईचाही वास उरलेला नाही.
भेगांत भरलं, वर सुमिनाचे जुने मोजे चढवले
आणि तो आडवा झाला.
माणसाला तळहाताच्या फोडासारखं जपावं, म्हणतात.
इथे फोड खरेखुरे,
आणि जपणारा घोरतोय.

माघ सरता सरता नवी कातडी आली,
उंदराच्या पिल्लासारखी गुलाबी.
त्याचे हात मात्र इतके मऊ पडले
की स्टिअरिंग निसटतं म्हणायचा.

यंदा कार्तिकातच
परात घासून भिंतीला टेकवलेली दिसली,
तांबं लखलखीत.
मी बोटं पुन्हा पुन्हा पाहिली.
दार अजून कुणी वाजवलं नव्हतं.