एकाच पेनाची वही

ओगुतूने वही पुढे केली,
तोवर माझा हात इंजिनवर गेला होता.
गरम होतं.
सकाळचे साडेसहा. म्बिताच्या धक्क्यावर
पहिली बोटसुद्धा लागलेली नव्हती,
आणि म्हणे गाडी रात्रभर जागची हललेली नाही.

वही मात्र देखणी.
निळं वेष्टण, पट्टीने आखलेले रकाने,
दर तीन हजार किलोमीटरला ऑइल,
एअर फिल्टर, चेन, मागचा ब्रेक,
चार वर्षांत एक तारीख चुकलेली नाही.
माझा नवरा इतक्या नेमाने
प्रार्थनेलाही गेला नाही कधी.

पण मी मासळी विकते.
सतरा वर्षं उधारीची वही सांभाळतेय.
खरी वही कशी दिसते ते मला ठाऊक आहे:
अर्ध्या शब्दात पेन संपतो,
उरलेलं नाव पोराच्या पेन्सिलीने,
पावसात भिजून फेब्रुवारी मार्चमध्ये उतरतो,
घडीत एखादा खवला वाळून बसलेला,
आणि एका पानावर कुणाच्या तरी बाळाचं वजन,
कारण त्या रात्री तराजू फक्त माझ्याकडे होता.

ओगुतूच्या वहीत चार वर्षं एकच पेन.
एकच तिरकेपणा.
अंगठ्याचा काळा ठसा शोधून सापडेना.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
मी म्हटलं, अक्षर छान आहे तुझं.
बायकोचं आहे, म्हणाला, आणि हसला.
तेवढं खरं बोलला असावा.

दुसरी गाडी एल्कानाची, चर्चची घंटा वाजवतो तो.
टाकीला पोचा, सीटवर तीन रंगांची टेप.
कागद?
कागद नाही. न्यांगवेसोला विचार.

न्यांगवेसोचं गॅरेज म्हणजे चार खांब
आणि एक पत्र्याची भिंत.
भिंतीवर खिळ्याने कोरलेलं सगळं:
नंबरातले शेवटचे तीन आकडे,
पुढे रेघ म्हणजे ऑइल, फुली म्हणजे क्लच,
गोल म्हणजे टायर.
एल्कानाच्या ओळीत एक मासा होता.
हे काय?
गाडी सरोवरात गेली होती, न्यांगवेसो म्हणाला.
एल्काना घंटेच्या दोरीकडे बघावं तसा वर बघत राहिला.

माशाच्या पुढे एक भोक, गंजाने खाल्लेलं, वीतभर.
त्यातून पलीकडची कोंबडी दिसत होती.
इथे काय होतं?
दोन वर्षं.
काय काय केलं होतं त्या दोन वर्षांत?
बाई, आठवत असतं तर कोरलं कशाला असतं?

मी एल्कानाची गाडी घेतली.
बारा बायकांच्या गटाचे पैसे,
त्याने दोनदा मोजले, मी तीनदा.

तिसऱ्या आठवड्यात सिंडोच्या चढावर क्लच गेला.
मागे खोक्यात टिलापिया, खालून बर्फाचं पाणी गळतंय,
आणि भर उन्हात मी ढकलतेय शंभर किलो लोखंड
आणि बहुधा त्या भोकातली दोन वर्षं.

बायका विचारतात, मग भिंतीचा उपयोग काय झाला?
मी सांगते, मासा पाहिला म्हणून
पहिल्याच दिवशी वायरिंग उघडून घेतलं.
आत हिरवा गंज होता.
क्लचचं मला कुणी सांगितलं नव्हतं,
पण खोटंही सांगितलं नव्हतं.
चढावर, बंद गाडीशेजारी उभं असताना
या दोहोंत फार फरक वाटत नाही,
कबूल करते.
घरी पोचल्यावर वाटतो.

न्यांगवेसोने नवी फुली कोरली.
गंजापासून लांब कोर, मी म्हटलं.
गंज काय विचारून येतो?

म्हणून आता माझ्या वहीतही लिहिते.
बेल्दिना, दोनशे शिलिंग, बाकी.
त्याखाली: क्लच प्लेटा चार, मजुरी, दिले.
परवा त्या ओळीवर एक खवला पडला.
झटकायला हात उचलला होता,
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.