उणे चाळीस

दर मंगळवारी मी त्यांना ऊन दाखवतो.
चिखलीतल्या आमच्या गच्चीवर, काथ्याच्या दोरीवर
मेंढीच्या कातड्याचं जाकीट, तीन सदरे,
आणि विजेवर तापणारा एक अंगरखा,
ज्याच्या तारा उंदरांनी खाल्ल्या.
शेजारचा वेंचेस्लाव कुंपणावरून विचारतो,
काय हो, काश्मीरला निघालात?

वीस हजार फुटांवर, रात्री, उणे चाळीस.
तिथले हे कपडे.
इथे त्यांना बुरशी येते,
आधी हिरवी, मग कॉलरखाली काळी.
खिशांत मी मिरी ठेवतो.
डांबरगोळी नाही, तिने वास जातो:
पेट्रोल, घाम, चामडं,
आणि आणखी एक, ज्याचं नाव मला लावता येत नाही.

मुरगाव बंदरात तीस वर्षं परक्यांचा माल मोजला,
सवय जात नाही. वही इथेही आहे.
क्रमांक नऊ: नकाशाची पेन्सिल, मागून चावलेली.
क्रमांक चौदा: बूट, फक्त डावा.
क्रमांक एकवीस: उड्डाणवही. शेवटची नोंद
दुसऱ्याच्या अक्षरात, फार सुबक.

हळदोण्याच्या एर्मेलिंदाबायचा भाऊ सिप्रियान
कराचीहून गेला. इंग्रजांच्या बाँबफेक्या विमानात
शेपटाच्या टोकाला, काचेच्या बुडबुड्यात,
बंदूक धरून पाठमोरा बसायचा.
कुठे चाललोय ते त्याला दिसायचं नाही,
कुठून निघालो तेवढंच.
घरी ट्रंक आली:
त्या रात्री अंगावर नव्हतं, तेवढं सगळं.

तिने इस्त्री करून ठेवलं होतं.
रेशमी हातमोजे, त्यांवर चढवायचे लोकरीचे,
त्यांवर चामड्याचे. थंडीला तीन उंबरे.
सदऱ्याच्या कॉलरला शिटी,
समुद्रात पडलो तर अंधारात वाजवायची.
"हें सगळें व्हर," ती म्हणाली,
"पूण शिटी म्हाका जाय."
शिटीशिवाय किंमत निम्मी.
मी बोललो नाही. पण मनात आलं,
ते इथे लिहून ठेवतो.

"तूं कित्याक जमयता हें?"

मी एकसष्टचा डिसेंबर सांगितला.
सात वर्षांचा होतो. दाबोळीच्या धावपट्टीवर
बाँब पडत होते. आईने मला पलंगाखाली ढकललं
आणि स्वतः बाहेर बसली,
खाली जागा एकाचीच होती.
खिडकीतलं शिंपल्याचं एक तावदान निखळून
माझ्यापाशी घरंगळत आलं. फुटलं नाही.
वहीत तेच क्रमांक एक.
विमानात कोणी असतं हे मला ठाऊक नव्हतं.
वाटायचं, विमानंच टाकतात.
पुढे कितीतरी वर्षांनी, वास्कोच्या भंगारवाल्याकडे
त्या डाव्या बुटात हात घातला:
तळाशी बोटांचे पाच खळगे.

एर्मेलिंदाबाय बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
"सिप्रियानानय उडयले आसतले. कोणाचेर तरी."
मी घाईने म्हणालो, नाही बाय,
तो मागे होता, बंदुकीवर.
टाकणारा वेगळा, तो पुढे पोटावर पडलेला असायचा.
"एकाच विमानांत न्हय?"
आणि उठून चहाला आधण ठेवायला गेली.

क्रमांक चव्वेचाळीस: शिटी, पितळी.
ठिकाण: हळदोणे.
शेरा: आणायची नाही.

संध्याकाळी दोरीवरून एकेक काढतो.
डोक्यावरून पर्यटकांचं विमान उतरतं, चाकं काढून,
इतकं खाली की सदरे हलतात.
जाकिटाची बाही हाताला गरम लागते.
आत कोणी नाही.
तरी दोन्ही हातांनी धरून
जिना उतरतो मी, एकेक पायरी,
दिवा न लावता.