नुसते ओठ हलव

फ्लीटवुडच्या शाळेत सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी
आम्ही मांडी घालून बसत असू लाकडी फरशीवर,
जिला मेणाचा वास होता
आणि मेणाखाली कालच्या कोबीचा.
"उठा," म्हणायचे मिस्टर थ्रेलफॉल,
आणि दोनशे गुडघे एकदम कडकडायचे.

पाटीवर आकडे कोण सरकवायचं कोण जाणे.
सत्त्याऐंशी दिसलं की पोटात गोळा.
सत्त्याऐंशीला कडवी सात,
आणि सातही कडव्यांत आम्ही पापी.
मी सहा वर्षांची. माझ्या खात्यावर जमा
एक चोरलेलं खोडरबर,
आणि धाकट्या भावाला चावणं,
तेही तो आधी चावल्यावर.
एवढ्याशा भांडवलावर सात कडवी कशी ओढायची?
चौथ्यात 'किडा' यायचा.
त्या शब्दावर मागची पोरं सगळा जोर लावत,
वळवळत, एकमेकांच्या पाठीत बोट खुपसत.

एकशे बारा लढाईचं.
म्हणताना पाय आपोआप आपटायचे,
आणि आपटले की शिक्षा.
एकोणीस फुलांचं. आमच्या गल्लीत फूल म्हणजे
मिसेस रिगबींच्या खिडकीतलं जिरेनियम,
खाऱ्या वाऱ्याने कडा करपलेलं.

आणि दोनशे चार.

दोनशे चार समुद्राचं, संथ.
शाळेच्या पियानोची एक काळी पट्टी मुकी होती,
ती नेमकी त्यात तीनदा यायची.
बोट पडायचं, स्वर यायचा नाही,
आणि मला वाटायचं, हे असंच आहे गाणं:
लाट मागे ओढली जाते
तेव्हा वाळू क्षणभर गप्प असते, तसं.
मी ते इतक्या जीव तोडून म्हटलं एकदा
की मिस एंटविसल पियानो सोडून उठल्या,
रांगेरांगेतून आल्या, प्रत्येक तोंडाशी कान नेत,
माझ्यापाशी थांबल्या.
रागावल्या नाहीत. पेपरमिंटचा वास आला.
"आयव्ही, बाळ, तू नुसते ओठ हलव."

चार वर्षं हलवले.

मग तो जानेवारी. क्लिफर्ड विग्नॉलच्या बापाची बोट
आइसलंडच्या बाजूला होती आणि रेडिओला उत्तर देईना.
गोदीवर बायका डोक्याला रुमाल बांधून उभ्या,
एकमेकींशीही बोलत नव्हत्या.
अकराव्या दिवशी पाटीवर दोनशे चार.
कुणाच्या लक्षात आलं नसेल.
पियानो सुरू झाला आणि सगळी शाळा
माझ्यासारखी झाली:
शंभर तोंडं उघडी, आवाज कशातच नाही.
थ्रेलफॉल सरांचंही तेच.
मिस एंटविसल थांबल्या नाहीत. थांबता आलं नसावं.
दुसऱ्या ओळीला क्लिफर्ड गायला लागला.
बेसूर, नाक वाहत,
अंधारात हरवलेल्या कुत्र्याला
घराच्या दारातून हाक मारावी, तसा.
सगळी कडवी. एकटा.
त्याला कुणी ओठ हलव म्हणालं नाही.

त्यानंतर तो आकडा पाटीवर आला नाही.

आता सत्तरीत, लापशीचं करपलेलं पातेलं घासताना
तोंडात येतं ते सत्त्याऐंशी,
सातही कडवी, किड्यासकट.
नावडतं ते असं चिकटतं, गोचिडीसारखं.
आवडत्याला मी हात लावत नव्हते.

परवा मिस एंटविसल गेल्या, सत्त्याण्णवाव्या वर्षी.
चर्चमध्ये छापील कागद मिळाला.
त्यांनीच निवडून ठेवलं होतं म्हणे.
पहिली ओळ वाचली, कागद घडी केला, उलगडला.
पेपरमिंटवालं कुणी आता ऐकायला नव्हतं.

ऑर्गनच्या सगळ्या पट्ट्या वाजत होत्या,
स्वर कुठेच कमी नव्हता,
म्हणून मी चुकले.
ती जागा आली की थांबले,
आणि लोक माझ्यापुढे निघून गेले.
पुन्हा थांबले.
तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरून
कुणीतरी माझ्याबरोबर थांबलं.

मी वळून पाहिलं नाही.