इव्वाविक, जूनअखेर

इनुविकच्या धावपट्टीशेजारी
आधी सामानाचं वजन करतात, मग माणसाचं.
बुटांसकट उभी राहिले काट्यावर.
पायलटने पेन्सिलीने आकडा मांडला
पिठाच्या पोत्याखाली, अंड्यांच्या खोक्याच्या वर.
एवढीच मी, त्या दिवशीच्या हिशेबात.

मग खाली त्रिभुजाचं चकाकतं चिखलपाणी,
मग डोंगर, एकही रस्ता नसलेले.
विमान नदीकाठी धडपडत टेकलं,
आम्हाला उतरवून लगेच उडालं.
त्याचा आवाज संपला तरी
कान बराच वेळ त्याला धरून होते.

छावणीभोवती विजेची तार, अस्वलांसाठी.
आत आम्ही, बाहेर ती.
कोंडलेलं कोण, हे इथे विचारावं लागत नाही.

स्वयंपाक पर्सिस कुडलक बघते.
सत्तरीची. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली.
पिठाचा गोळा थापटता थापटता म्हणाली,
"इव्वाविक म्हणजे बाळंत व्हायची जागा.
आमची नाही. कॅरिबूंची.
शेकडो मैल चालत येतात, पोट घेऊन."
आमच्याकडे त्याला माहेर म्हणतात, मी म्हटलं.
तिने शब्द तोंडात घोळवून पाहिला,
ह वर जरा अडखळली,
आणि कढईत गोळा सोडला.

रात्र नव्हतीच.
दोन वाजता तंबूच्या शिवणीतून ऊन,
आणि डास, डास, डास.

तिसऱ्या पहाटे (पहाट म्हणायचं ते सवयीने)
उतार हलायला लागला.
आधी वाटलं दगड गडगडताहेत.
माद्या होत्या, आणि त्यांच्या पायांत पाय घालणारी पिल्लं.
चालताना कॅरिबूच्या घोट्यात शिर टचकते,
एकीची ऐकू येईल न येईल अशी.
हजारोंची म्हणजे
साऱ्या डोंगराने कानशिलांवर बोटं मोडावीत,
कडाकडा, दृष्ट काढल्यासारखी.

पर्सिस तारेपाशी उभी, हाताला पीठ तसंच.
"मी किनाऱ्यावर झाले, तंबूत.
आई सांगायची, बाहेर कुत्री भांडत होती.
मला पाच झाली.
एकही या जमिनीवर नाही.
दिवस भरत आले की विमान यायचं.
हिरव्या भिंतीचं इस्पितळ, दर खेपेला नवी नर्स,
घरचं कुणी नाही.
येताना पोर पाठीशी, पार्क्याच्या आत.
मला काट्यावर उभं करायचे, दोघांना मिळून,
आणि विचारायचे, आणखी काही सामान?"
ती हसली. मी हसावं की नाही ते कळेना.

कळप नदीत उतरला.
एक पिल्लू काठावर मागे राहिलं,
त्याची आई प्रवाहातून परत फिरली.
ते दोघं पुन्हा दिसले नाहीत,
म्हणजे पार झाले असतील.
किंवा मी चुकीच्या पाठींवर नजर ठेवून होते.

नंतर झुडपात एक शिंग सापडलं,
मनगटाएवढं, टोकाला उंदरांनी कुरतडलेलं.
वीण होईपर्यंत मादी ते सांभाळते,
मग काही दिवसांत टाकून देते.
इथलं काही न्यायचं नाही असा नियम.
मी ते परत ठेवलं,
होतं त्याच शेवाळाच्या खाचेत;
पण ते आधीसारखं नीट बसेना.

परतीच्या दिवशी काटा नव्हता.
पायलट म्हणाला, वजन तेवढंच ना?
मी हो म्हटलं.
पर्सिस त्याला पुढच्या खेपेची यादी सांगत होती:
पीठ, लोणी, चिकटपट्टी.