वीत

राजारामपुरीत, काचेपलीकडे
बिनडोक्याच्या बाईच्या अंगात तो उभा असतो:
गडद हिरवा, पांढरे ठिपके, गोल कॉलर,
पट्ट्याला कापडानंच मढवलेलं बक्कल.
जुन्या काळातला, म्हणे.
किंमत मात्र आजची. सहा हजार आठशे.

मी गुजरीत पैंजणांची वजनं लिहिते.
ग्रॅम, मिलिग्रॅम, घट.
सहा महिने जाता-येता
त्या काचेपाशी माझी चाल मंद व्हायची,
एवढंच.

मग एका शनिवारी आत गेले.
मोबाईल काउंटरवर ठेवून घेतात तिथं.
हात कोण ठेवून घेणार?

पडदा ओढला आणि मोजायला लागले.
छाती: दोन विता, चार बोटं.
खांद्यापासून कंबर: दोन विता, चिमूटभर कमी.
घेराला वीत पुरेना,
गुडघ्यावर बसून मोजत गेले
बांध मोजावा तशी.
उलटा करून शिवण बघितली.
अस्तर फक्त वरच्या अंगाला. चेन डाव्या बगलेत. चुण्या सोळा.
पाठ केलं सगळं, पाढ्यासारखं.

मग घातला.
घालायचं काही कारण नव्हतं, माप तर झालं होतं.
आरशात कोण होती ती, सोडा.
चुण्या सोळा की अठरा, हेच विसरले.

पडदा सारला तर समोर दुकानातली मुलगी,
खिशावर पाटी: मेहजबीन मुजावर.
तिनं माझा पसरलेला पंजा बघितला.
झगा हातात घेतला, हँगरला लावला,
आणि हँगरलाच सांगावं तसं म्हणाली,
“कॉलरीत कॅनव्हास हाय. टेलरला सांगा,
न्हाईतर दुसऱ्या धुण्यात मान टाकतीया.”
मग मोठ्यानं, मालकाला ऐकू जाईल असं,
“मॅडमना साईज बसंना!”

लक्ष्मीपुरीत कटपीसच्या गठ्ठ्यात
हिरवा सापडला. ठिपके जरा मोठे.
इचलकरंजीचा माल, एकशे दहानं मीटर, साडेतीन मीटर.
चेन, अस्तर, कॅनव्हास: पंच्याण्णव.
बक्कल चप्पल लाईनीत एकानं असंच दिलं,
सँडलचं, एका बाजूनं गंजलेलं.
“मढवल्यावर कोण बघतंय आतलं,” म्हणाला.

हावळ काकींनी कागदावरची बोटं-विता वाचली
आणि चष्म्यावरून माझ्या हाताकडं बघितलं.
“तुझी वीत आखूड हाय गं. धर हितं.”
टेपवर पंजा ताणून धरला. पावणेआठ इंच.
मग खडूनं कापडावर रेघा ओढत
आपल्याशीच बोलल्यासारखं:
“असले झगे आईनं लई शिवले.
सिनेमाच्या कंपन्या होत्या तवा गावात.
नाचणाऱ्या पोरींचे बारा, एका रात्रीत.
मशिनीफुडं भिंतीला फोटो डकवायची,
कुठल्या विलायती मासिकातला.
त्यातल्या बाईचं कंबरेखालचं पान फाटलेलं.
खालचा घेर आईनं मनानंच केलाय.”

शिलाई साडेचारशे.
एकूण नऊशे तीस. लिहून ठेवलंय.

रविवारी रंकाळ्यावर, भेळेच्या गाडीपाशी
हिरवं काहीतरी हललं.
गोल कॉलर. ठिपके माझ्यापेक्षा बारीक.
मेहजबीन.
दोघी एकमेकींच्या चुण्या मोजत होतो
हे दोघींना एकदमच कळलं
आणि भेळवाला म्हणाला, “भणी-भणी का?”

तिनं भेळ डाव्या हातात घेतली,
उजवा बाजूच्या शिवणीत घातला,
मनगटापर्यंत आत गेला.
सुटे पैसे काढले, माझेही दिले.
“खिसा?” मी म्हटलं.
“त्या सहा हजारवाल्याला कुठंय,” ती म्हणाली,
“दिवसभर त्योच बघत उभी असते की मी.”

मी तर बोट न् बोट मोजलं होतं त्याचं.

उद्या काकींकडं जायचंय.
कापड उरलंय,
वीतभर.