डाव्या हाताची चौकशी

अठराशे बाराच्या हिवाळ्यातली ही माणसं
नेमुनास नदीकाठी गटाराचा पाइप टाकताना निघाली.
आधी एक कवटी, यंत्राच्या दातात.
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, टोपी काढली,
मग परत घातली, कारण बाहेर उणे नऊ होतं.

आता ती माझ्या टेबलावर आहेत.
कोमट पाणी, मऊ टूथब्रश.
सव्वीस वर्षं मी कवळ्या बनवल्या, म्हणून मला बोलावलं;
दात कळणारं माणूस हवं होतं.
गोळी लागलेले फार थोडे.
बाकीचे गुडघे छातीशी घेऊन,
जसे गोठले तसेच खड्ड्यात लोटलेले,
एकमेकांत असे अडकलेले की कुठली बरगडी कुणाची
हे ठरवण्यात वैदोतासचा अख्खा मार्च गेला.

तो मोजतो, मी लिहून घेते.
मांडीचं हाड चारशे बावन्न मिलिमीटर.
हासळीचं आतलं टोक अजून सुटं, म्हणजे विशीच्या आतबाहेर.
सुळ्यापाशी गोल खाच, मातीच्या चिलमीची.
घोट्यावर उकिडवं बसून बसून पडलेली खूण:
चांभार असेल, टोपल्या विणत असेल.
हाडाचा शिपाई म्हणतात ना,
तसा अजून एकही सापडला नाही.

एकेचाळीस नंबर बाई निघाली.
वैदोतासनं कंबर तीनदा मोजली.
मला पाहताक्षणीच कळलं होतं.

बटणावर पलटणीचा आकडा असतो.
पण बटण फक्त कोटाला ओळखतं,
आणि कोट त्या थंडीत मेलेल्याच्या अंगावरून
जिवंताच्या अंगावर गेला,
तो मेल्यावर तिसऱ्याच्या.
बटणं मी डबीत ठेवते आणि डबी फडताळात.

मग एप्रिलमध्ये फ्रान्सहून पत्र आलं,
सेवेनच्या डोंगरातून. ओडील रुमेगू, वय एक्क्याऐंशी.
आमच्या घरातला अब्दियास परत आला नाही.
एवढंच सांगत आलेत: लहानपणी चेस्टनटच्या झाडावरून पडला,
डावा हात मोडला, मनगटाच्या वर चार बोटं.
तुमच्याकडे आहे का तो?
रक्त द्यायला मी तयार आहे,
पण मी या घरची सून,
आणि आता माझ्याखेरीज घरात कुणी उरलं नाही.

मी डावे हात काढले. सगळे, एकशे बारा.
मनगटाच्या वर चार बोटं, मोडून जुळलेले:
तीन.

तीन झाडं असतील. किंवा एक झाड, एक भिंत, एक गाढव.

लहानपणी प्यायलेलं पाणी दातांत राहतं
असं प्रयोगशाळेतली पोरं सांगतात.
पहिल्याचं पाणी समुद्राजवळचं, सपाट मुलुखातलं.
दुसरा वरीच्या लापशीवर वाढलेला, कुठल्या तरी दुसऱ्याच देशात.
तिसऱ्याला जबडाच नाही.
तो यंत्राच्या त्या पहिल्या घासात गेला.

वैदोतास म्हणाला, लिही, निष्कर्ष काढता येत नाही.
लिहिलं. खाली शिक्का, त्याची सही.
पाकीट चिकटवण्याआधी मी कडेला पेनानं घातलं:
बाई, तिन्ही हात सरळ जुळलेत.
सूतभरही तिरके नाहीत.
प्रत्येकाच्या गावात कुणी हाडवैद्य असणार,
फळ्या बांधणारा,
आणि कुणीतरी सहा आठवडे
पोराला अंथरुणात धरून ठेवलं असणार,
ते कितीही रडलं तरी.

पत्र जाऊन पंधरा दिवस झाले.
तिसरा हात मी अजून खोक्यात ठेवलेला नाही.
वैदोतासनं विचारलं तर सांगते,
ओला आहे, वाळायचाय.